पोफळीवर दगडफूल परत आलंय. हवा सुधारली म्हणायची का?

टिप्परवाला

नमस्कार मंडळी. मूळ प्रश्न स्वयंपाकघरातून आलाय. गेल्या आठवड्यात शागुतीचा मसाला भाजायला घेतला आणि डब्यात दगडफूल संपलेलं. बायको म्हणाली, "मागे पोफळींवर एवढं चिकटलंय, तेच खरवडून आणा की." मी कोयती घेऊन गेलो खरा, पण तिथे उभा राहिलो आणि भलतंच डोक्यात आलं. हे एवढं इथे होतं कधी?

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणीकडून नदीच्या जेटीवर जाणाऱ्या रस्त्याला लागून. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, वडिलांनी उभं केलेलं. रस्त्यापासून सुरू होतं ते खाली व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतरतं. नावावरून कळलंच असेल, मी स्वतः टिप्परवाला. २००६ साली कर्ज काढून ट्रक घेतला आणि दिवसाला पाच-सहा खेपा मारायचो. तेव्हा रस्त्याकडच्या पोफळी खालपासून वरपर्यंत गेरू फासल्यासारख्या दिसायच्या. आई सकाळी तुळशीवर दोन तांबे ओतायची. एक पूजेचा, दुसरा पानं धुवायचा. आणि तो गेरू उडवणाऱ्यांत तिचाच मुलगा, त्यामुळे घरात कुणी काही बोलायचं नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ट्रक अंगणात उभा, हप्ते मात्र चालूच. पुढे २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, मध्ये थोड्या खेपा झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा कुलूप. ट्रक मी भंगारात काढला. ती कथा इथे नको.

तर आता पोफळींवर पांढरे, राखाडी, निळसर-हिरवे डाग आहेत. काही रुपयाच्या नाण्याएवढे, काही बशीएवढे. रस्त्याकडच्या पहिल्या चार ओळींत कमी, व्हाळाकडे भरपूर. एका डागावर तर कुणी बोरूने मोडी लिहावी तशा काळ्या बारीक रेघा आहेत. पुतणी कॉलेजात शिकते, ती सांगते की दगडफूल म्हणजे बुरशीच, आणि जिथे हवा खराब तिथे ती टिकत नाही.

२०२२ च्या शेवटापासून खाणींच्या ब्लॉकांचे लिलाव चालू झालेत, आज ना उद्या ट्रक आमच्या दारावरून पुन्हा धावणार. म्हणून दोन प्रश्न. एक, हे मसाल्याला चालेल का? दोन, खाण बंद झाली म्हणून दगडफूल आलं, हे मी उद्या ग्रामसभेत छातीठोक सांगू शकतो का?

शंकासूर

भाऊ, हवा मोजायचं यंत्र ऑनलाइन मिळतं. भिंतीवर लावा, मोबाईलवर आकडा बघा. झाडाची खरूज कशाला वाचत बसता?

बुरशीवाली

टिप्परवाले दादा, आधी मसाला. नको. दोन कारणं आहेत. एक तर तुम्ही सांगताय ते डाग सालीला रंगासारखे चिकटलेले आहेत. मसाल्याचं दगडफूल पानासारखं सुटं, कडा वळलेलं, खालून काळं असतं. ते बहुतेक डोंगराळ भागातल्या झाडांवरून आणि कातळांवरून येतं. तुम्ही खरवडाल त्यात निम्मी सालच येईल. दुसरं कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

दगडफूल ही एकट्या बुरशीची गोष्ट नाही. बुरशी घर बांधते, आत राहणारं शैवाल रांधतं. (काही जातींत शैवालाच्या जागी नीलहरित जिवाणू असतात.) या बिऱ्हाडाला मुळं नाहीत, आणि पानांवर मेणाचा थर असतो तसाही काही नाही. पाऊस, दव, धूळ, धूर, जे अंगावर पडेल ते आत. बाहेर टाकायची सोय जवळपास नाही, पानगळ नाही. म्हणूनच ते हवेची साक्ष देतं, आणि म्हणूनच रस्त्याकडचं दगडफूल शागुतीत घालू नये.

ही साक्ष पहिल्यांदा नीट ऐकली ती वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम न्यूलांदेर यांनी. १८६६ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दगडफुलं आहेत, पण शहरात इतरत्र ती नाहीशी होत चालली आहेत. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी दहा पायऱ्यांची पट्टीच केली, झाडावर कोणत्या जाती आहेत ते बघून हवेतला सल्फर डायऑक्साइड अंदाजायचा. तिथे कोळशाचा धूर होता. तो वायू ओल्या दगडफुलात शिरला की शैवालाचं हरितद्रव्य नासतं. रांधणारा गेला की घर बसलंच.

पण तुमच्या रस्त्यावर मुख्य त्रास लाल मातीचा होता आणि जोडीला डिझेलचा धूर. विलायतेतली सल्फरची पट्टी डिचोलीला जशीच्या तशी लावता येणार नाही. माती विष म्हणून मारत नाही, ती उजेड अडवते, थर धरते. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या लोकांनी वेगळा रस्ता घेतला. पिक्सिन कोकोज नावाची एक राखाडी जात आहे, शहरांत रस्त्याकडच्या झाडांवरही तग धरते. ती कुठे आहे नि कुठे नाही एवढंच न बघता तिच्यात लोह, शिसं, तांबं किती साठलंय ते त्यांनी प्रयोगशाळेत मोजलं. तुमच्यासाठी तो रस्ता जास्त जवळचा.

मोडी लिहिल्यासारखं म्हणालात ना, त्याचं शास्त्रीय नावच ग्राफिस, ग्रीकमधल्या 'लिहिणं' वरून. बरोबर वाचलंत.

आता तुमचा बशीएवढा डाग. सालीला चिकटून वाढणाऱ्या जाती फार सावकाश सरकतात, बऱ्याचदा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर. दोन-तीन डाग मिळून एक झाले नसतील, तर ती बशी २०१८ नंतरची नव्हे. तुम्ही खेपा मारत होतात तेव्हाही ती व्हाळाकडे गपचूप वाढत होती.

आणि एक प्रश्न माझा. कुळागरात बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी, मारता का? कधीपासून कधीपर्यंत?

शंकासूर, यंत्र जरूर लावा. पण ते आजचा आकडा देईल. २०१० चा आकडा द्यायला यंत्र तेव्हा भिंतीवर हवं होतं. झाड तेव्हाही तिथेच होतं.

शंकासूर

म्हणजे बुरशीला कोर्टात साक्षीला उभं करणार तुम्ही.

बुरशीवाली

करून झालंय हो, निदान प्रयोगशाळेत. युरोपात एकोणिसाव्या शतकात भिंतीच्या हिरव्या कागदाला संखियाचा, म्हणजे आर्सेनिकचा रंग असायचा. दमट खोल्यांत माणसं आजारी पडायची आणि खोलीला लसणासारखा वास यायचा. इटलीच्या बार्तोलोमेओ गोसियो यांनी १८९० च्या दशकात बटाट्याच्या लगद्यात आर्सेनिक मिसळून त्यावर बुरशी वाढवली. तोच लसणीचा वास. आर्सेनिक इतकं कमी असलं तरी वास यायचा की पुढे ती बुरशीच आर्सेनिक शोधायची चाचणी म्हणून वापरात आली. तो वायू नेमका कोणता, हे रसायनशास्त्रज्ञ चॅलेंजर यांनी १९३० च्या दशकात दाखवलं.

सांडपाण्याचंही तसंच. पाण्यात सेंद्रिय घाण किती, याची नेहमीची चाचणी पाच दिवस घेते. जपानमध्ये १९७० च्या दशकातच ट्रायकोस्पोरॉन नावाचं यीस्ट प्राणवायूच्या इलेक्ट्रोडवर बसवून तोच अंदाज अर्ध्या तासाच्या आत काढायला लागले. यीस्टला घाण मिळाली की ते जास्त श्वास घेतं, इलेक्ट्रोड ते मोजतो. झालं.

मुरगावकर

धागा पळवतोय, माफी असावी. मी वास्कोचा. आमच्या बंदरात कोळसा उतरतो हे जगजाहीर. परसात मानकुराद आंब्याचं झाड आहे, पानं काळी ठिक्कर. मी दोन वर्षं फोटो काढून ज्याला त्याला पाठवतोय, की बघा कोळसा. परवा मेहुणा म्हणाला, ही बुरशी आहे, कोळसा नाही. आमचं भांडण झालं. कोण बरोबर?

बुरशीवाली

कदाचित दोघंही. आंब्यावर तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण असले की ते गोड चिकट रस सोडतात आणि त्या रसावर काजळी बुरशी वाढते. पान चिकट लागतंय का बघा. काळा थर वाळला की नखाने पापुद्रा निघतो आणि खाली पान हिरवं, धड. ती बुरशी पान खात नाही, वरची साखर खाते. कोळशाची पूड पापुद्रा धरत नाही, ओल्या कापसाला लागून येते, आणि भिंगाखाली टोकदार चकाकणारे कण दिसतात. मुख्य म्हणजे कोळशाला तुडतुडे लागत नाहीत. खिडकीच्या चौकटीवर, कपड्यांच्या दांडीवर, जिथे गोड रस पडायचा संबंध नाही, तिथे कापूस फिरवा.

झाडावरचे रोगसुद्धा हवेचं काही सांगतात बरं. ब्रिटनमधल्या कारखान्यांच्या गावांत गुलाबावर काळे ठिपके पडायचे नाहीत, माळी खूश. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर कमी झाला आणि ठिपक्यांची बुरशी परत आली. धुरातला गंधकच इतकी वर्षं फुकट फवारणी करत होता.

मुरगावकर

केलं. पान चिकट, पापुद्रा निघाला. मेहुणा जिंकला. मग दांडीवर कापूस फिरवला, काळा झाला, भिंगातून चकाकतंय. मी पण जिंकलो. फोटो मात्र आता दांडीचे पाठवणार, आंब्याचे नाही. दोन वर्षं चुकीचा पुरावा घेऊन फिरलो, कुणी जाणत्याने बघितलं असतं तर खऱ्या तक्रारीचीही माती झाली असती.

सांगेची बाय

माझाही एक प्रश्न यातच. आमच्याकडे खाणीच्या टाकाऊ मातीच्या डंपाच्या पायथ्याला रोयणी (वाळवीची वारुळं) आहेत, तिथे पावसात अळमी, म्हणजे खायची भूछत्रं, येतात. चांदीचा चमचा घालून बघतात लोक, काळा नाही पडला तर खातात. माती खाणीची असली तर अळम्यांत उतरते का?

बुरशीवाली

बाय, चमचा परत खणात ठेवा. त्याने विषारी अळमीही कळत नाही, धातू तर नाहीच.

रोयणीची अळमी वाळवीने पोसलेल्या बुरशीची. वाळवी आजूबाजूचा पालापाचोळा, लाकूड आत नेते, त्याचं पोळं करते, त्यावर ही बुरशी वाढते. म्हणजे अळमीत काय उतरेल ते वाळवी कुठला पाला नेते आणि माती कुठली, यावर. अळमी नि भूछत्रं धातू ओढून घेण्यात पटाईत असतात, पण प्रत्येकीची आवड वेगळी. रानातल्या काही अगॅरिकस जाती कॅडमियम साठवतात. लाल टोपीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचं ते चित्रातलं विषारी भूछत्र व्हॅनेडियम साठवतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अणुअपघात झाल्यावर युरोपातल्या जंगलांत किरणोत्सारी सीझियम बघायला लोक भूछत्रंच तपासू लागले, आणि जमिनीखालची बुरशी उकरून खाणाऱ्या रानडुकरांत ते पुढे कित्येक वर्षं सापडत राहिलं. तुमच्या डंपाच्या मातीत लोह आणि मँगनीज आहे. अळमीत किती, ते बघून, हुंगून, शिजवून कळायचं नाही. वाळवून प्रयोगशाळेत द्यावं लागतं.

गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत सरांनी रोयणीच्या अळम्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. मी तर साधं सांगेन, डंपाच्या पायथ्याची नको, रानातली खा, आणि उमललेल्या चार तिथेच राहू द्या, म्हणजे बीजं पडतील.

टिप्परवाला

चार दिवस गप्प होतो कारण बोर्डोच्या प्रश्नाने माझा त्रिफळा उडवला.

मारायचो. वडिलांच्या काळापासून. सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगासाठी पावसाआधी एकदा आणि मग दीड महिन्याने उघडीप बघून परत. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. गडी एका पोफळीवर चढायचा आणि वरच्या वर दुसरीवर झोका घ्यायचा, खाली सगळं निळं. खोडावरून ओघळ उतरायचे. ट्रक चालत होता तोवर पैसा होता, दोन्ही फवारण्या वेळेवर. ट्रक उभा राहिला आणि २०१३ पासून फवारणी आधी एकावर आली, मग बंद. गडीही म्हातारा झाला, त्याचा मुलगा चढत नाही. सुपारी निम्मी गळते, पण आता कोण विचारतो.

आणि पहिल्या चार ओळीच आम्ही जास्त मारायचो, कारण पंपाची टाकी रस्त्याला ठेवायचो, नळी तिथवर सहज पोचायची.

म्हणजे ताई, हवा सुधारली म्हणून दगडफूल आलं, की माझी ऐपत बिघडली म्हणून? बायको तेव्हापासून हसतेय.

बुरशीवाली

हीच भीती होती. मोरचुदातलं तांबं बुरशीला मारायलाच फवारतात. गंमत म्हणजे कोळेरोगाचा जीव बुरशीसारखा दिसतो पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, दगडफुलातली मात्र अस्सल बुरशी. म्हणजे चोर सुटला नाही हे खरं, पण शेजारीही मार खाऊन गेला. जुन्या दगडी इमारतींवर तांब्याच्या पट्टीखाली बघा, पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे दगड स्वच्छ, बाजूला दगडफुलं.

पण हिरमुसू नका. कुळागरात बोर्डो न मारलेली झाडं असतीलच. फणस, आंबा, ओवळ, काहीही. रस्त्यालगतचं एक आणि व्हाळाकडचं एक, शक्यतो एकाच जातीचं, सारख्या वयाचं, सरळ खोडाचं. जमिनीपासून एक मीटर वर दहा सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर उंच शिडी आखा, तिचे पाच चौकोन करा. खोडाच्या पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चारही बाजूंना. प्रत्येक जात किती चौकोनांत आहे ते लिहा. नाव माहीत नसेल तर 'राखाडी', 'मोडी' असं लिहा आणि फोटो काढा. युरोपात हीच शिडी वापरतात, त्यात शहाणपण एवढंच की पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी मोजलं तरी तीच जागा सापडते. खोडावर नारिंगी मखमल दिसली तर ती मोजू नका. ते सुटं शैवाल आहे, दगडफूल नव्हे.

टिप्परवाला

रविवारी पुतणीला घेऊन केलं. दोन फणस सापडले, वडिलांनी एकाच वर्षी लावलेले. एक फाटकाशी, एक व्हाळावर.

व्हाळाच्या फणसावर चारही बाजूंचे वीसच्या वीस चौकोन भरलेले, पुतणीच्या मते सहा जाती. फाटकाच्या फणसावर रस्त्याकडच्या बाजूला पाचांपैकी एका चौकोनात काय ते राखाडी. तिथे सालीच्या भेगांत अजून लाल माती आहे, काडीने उकरली तर निघते, एवढे पावसाळे जाऊनसुद्धा. पण त्याच झाडाच्या घराकडच्या बाजूला पाचही चौकोन भरलेले, चार जाती, त्यात मोडीवाली आहे.

मी लगेच म्हणालो, झालं सिद्ध. पुतणी म्हणाली, काका, रस्त्याकडच्या बाजूला दुपारचं ऊन पण येतं, रुंदीकरणात तिथली झाडं तोडली तेव्हापासून. आता ती पण तुमच्यासारखीच बोलायला लागली.

तर ग्रामसभेत छातीठोक नाही सांगणार. एवढंच सांगेन की ट्रक सुरू व्हायच्या आधी फाटकाच्या फणसावर अमुक आहे, तारीख घालून, फोटो जोडून. आणि राखाडीचा तुकडा तपासायला कुठे देता येईल ते पुतणी तिच्या कॉलेजात विचारतेय.

शेवटचा प्रश्न. चौकोन सुंभाने बांधून ठेवलेत, पावसात कुजतील. घरी वायरिंगची जुनी तार पडलीय, ती गुंडाळली तर?

बुरशीवाली

तांब्याची असेल ती. अजिबात नको! कुंपणाची जीआय (जस्त चढवलेली) तारही नको, तिचं जस्त ओघळतं. नायलॉनची दोरी बांधा, सैल.